मशीनला डावा कौल

माझ्या मधल्या जावेला, रत्नप्रभावहिनीला, आमच्या घरात सगळे घाबरतात असं बाहेरचे लोक समजतात. घाबरत नाहीत. तिचा आवाज मोठा आहे म्हणून जरा दबकून असतात, एवढंच. खरंच भीत असते तर तिच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा आधी तिला विचारलं असतं. कोणी विचारलं नाही. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही आणि तो डोक्यात ठेवूनच मी हे लिहिते आहे. ज्याला झोंबेल त्याने खुशाल झोंबून घ्यावं.

वहिनी लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत, आई घरीच गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. चाळीसमोरच्या पटांगणात पोरं कबड्डी खेळायची आणि ही गॅलरीतून बघत, भाकऱ्या थापत थापत त्यांच्या चुका ओरडून सांगायची. शेवटी मंडळाच्या लोकांनी कंटाळून मुलींचा संघ काढला. वडील म्हणाले, अर्धी चड्डी घालून माझी मुलगी गावासमोर नाचणार नाही. तिला दंडाला धरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी ती परत मैदानात. असं आठवडाभर चाललं, मग वडीलच थकले. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली आणि त्याच कबड्डीने घराला हात दिला. प्रमाणपत्रांच्या जोरावर ती घाटकोपरच्या एका मराठी शाळेत पीटीची बाई म्हणून लागली.

त्या शाळेच्या मैदानात एका बिल्डरने रोज गाडी लावायला सुरुवात केली होती. मुख्याध्यापकांनी विनंतीअर्ज केले. वहिनीने अर्ज केला नाही. तिने दोन वर्गांची पोरं बाहेर काढली, गाडीभोवती गोल उभी केली आणि पूर्ण सकाळ कवायत घेतली. मालक हॉर्न वाजवतोय, ही ‘एक साथ, दाहिने मूड’ म्हणतेय. पुन्हा ती गाडी तिथे दिसली नाही. ही अशी बाई. तिचं लग्न झालं आमच्या चंद्रप्रकाश भावजींशी. ते विमा कंपनीत कारकून होते आणि स्वभावाने इतके मऊ की रिक्षावाल्याने लांबून नेलं तरी उतरताना ‘थँक्यू’ म्हणणार. कुठलाही निर्णय घ्यायचा तर गावच्या थोरल्या भावाला, दादू भावजींना, फोन. फ्लॅट नाहूरला घ्यायचा की भांडुपला, दादूला विचारा. मुलाचं, सुयोगचं, नाव काय ठेवायचं, दादूला विचारा. दादू भावजी कणकवलीजवळच्या घराच्या पडवीत बसून मुंबईतली दोन बिऱ्हाडं चालवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वहिनी हसून सोडून द्यायची. म्हणायची, “नीला, नावं काय ठेवायची ती ठेवू देत गं, पोरगं माझ्याच हाताखाली वाढणार आहे.”

मी नीला, घरातली धाकटी सून. माझा नवरा नंदकिशोर हा तिन्ही भावांतला शेवटचा आणि तोंडाला कुलूप लावण्यात पहिला.

तर वहिनीला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग बोलताना. आणि इथे आमच्या लोकांनी जी चूक केली ती आमचेच लोक करू जाणोत. गिरणीतून आलेल्या कोकणी घरात खोकल्याला आणि धापेला एकच नाव असतं, दमा. आमचे सासरे, अण्णा, कापूस पिंजायच्या खात्यात होते. आयुष्यभर खोकले. वहिनीचे वडीलही तसेच गेले. त्यामुळे घरच्या सोफ्यावर बसल्या बसल्या निदान झालं की हा गिरणीचा दमा, रक्तात आलाय. अरे, ती बाई जन्मात गिरणीच्या दारात गेली नाही! रक्तातून कापूस येतो का? पण नाक्यावरच्या डॉक्टरलाही सगळ्यांनी हेच सांगितलं, वडिलांना दमा, सासऱ्यांना दमा. त्यानेही पंप लिहून दिला. पंपाने गुण येईना, तर आणखी मोठा पंप.

वहिनी सांगत होती, गळ्याच्या खाली बोट ठेवून, “इथे... अडतंय. छातीत... नाही.” पण तोवर तिची वाक्यं तुटायला लागली होती. वाक्य ती सुरू करायची आणि संपवायचं दुसऱ्याच कोणीतरी. तिला खिडकी उघडायला सांगायचं असायचं, तेवढ्यात भावजी चहा ठेवून मोकळे. आडवं झोपवेना म्हणून ती खुर्चीत बसून झोपायला लागली. जिच्या हाकेने मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं थिजायची, तिच्या तोंडचं बोलणं घरातले लोक परस्पर वाटून घेत होते. ते बघताना मला चीड यायची आणि रडूही यायचं.

एका रविवारी दुपारी ओट्याखालचं पातेलं काढायला ती वाकली आणि तशीच खाली बसली. ओठ जांभळे. घशातून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. तिची सून श्रुतिका धीराची. तिने आरडाओरडा न करता रिक्षा आणली आणि मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे स्कॅन झाला आणि दम्याचं भूत उतरलं. श्वासनळीच्या मधोमध गाठ होती. हळूहळू, कदाचित वर्षा-दोन वर्षांत वाढलेली. नळीत जेमतेम शहाळ्याच्या स्ट्रॉएवढी वाट उरली होती.

तिथल्या डॉक्टर स्वरदा केळकर यांनी आम्हाला खोलीत बसवून समजावलं. बाई तरुण, पण बोलणं स्वच्छ.

“दुर्बिणीतून गाठ कापून वाट मोकळी करायची आहे. पुढचे उपचार नंतर ठरवू. अडचण आहे ती भूल देण्याची. आत्ता त्या सगळा जोर लावून श्वास ओढतायत, म्हणून ती वाट उघडी आहे. भूल दिली की तो जोर जाणार आणि नळी मिटू शकते. वरून आम्ही नळी सरकवायला गेलो तर गाठीला धक्का लागेल, रक्त येईल. गाठीच्या पलीकडे हवाच जाणार नाही.”

“मग?” सुयोगने विचारलं.

“मग आधी मशीन. एक्मो म्हणतात त्याला. मांडीतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर येतं, मशीन त्यात प्राणवायू मिसळतं आणि मानेतल्या शिरेतून ते परत शरीरात जातं. तेवढा वेळ फुफ्फुसांनी काम नाही केलं तरी चालतं. त्या जाग्या असतानाच, जागा बधिर करून, आम्ही ते जोडणार. मगच झोपवणार.”

“आधी झोपवून, लागलं तरच मशीन लावलं तर?”

“लागलं हे कळल्यावर जोडायला वेळ मिळत नाही. काही मिनिटांत मेंदूवर परिणाम होतो.” मग त्यांनी धोकेही सांगितले. रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग. लपवलं काही नाही. औषधांनी सूज थोडी उतरवली आहे, दोन-चार दिवस निभावतील, पण थांबू नका, असंही म्हणाल्या.

मशीन हा शब्द ऐकला आणि भावजींचा चेहरा पांढरा पडला. त्याला कारण होतं, ते मी नाकारत नाही. अण्णांना शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. मशीनवर ठेवलंय असा निरोप आला की आमच्याकडे लोक गावाहून निघतात, घरातल्या बायका मागचं-पुढचं बोलायला लागतात. मशीनवर गेलेला माणूस घरी येत नाही हे आमच्या घराने एकदा बघितलं आणि कायमचं लिहून ठेवलं. ते मशीन वेगळं आणि हे वेगळं, ते संपता संपता लावलेलं आणि हे संपू नये म्हणून, एवढा फरक समजायला डॉक्टरकी लागत नाही. पण भीती बसलेल्या माणसाला फरक नकोच असतो. त्याला कोणीतरी आपल्या वतीने नाही म्हणणारा हवा असतो. तो गावात होताच.

सुयोगने दादू भावजींना फोन लावला. ते म्हणाले, सही करायची नाही, उद्या सकाळी देवाक कौल लावतंय.

कौल म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवतो आणि देवासमोर प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी त्या देवळात लहान सून म्हणून ओटी भरली आहे. माझं देवाशी भांडण नाही. भांडण आहे ते माणसांशी, ज्यांना स्वतःच्या तोंडाने ‘आम्हाला भीती वाटते’ म्हणता येत नाही आणि जे पाकळीच्या तोंडाने म्हणून घेतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनबाहेर उभे होतो. फोन स्पीकरवर. दादू भावजी म्हणाले, “दोन कौल लावलंय. ऑपरेशनाक उजवो दिल्यान. मशिनाक डावो. आयकलास? ऑपरेशन करा, मशीन नको. देवान स्पष्ट सांगितल्यान.”

दोन प्रश्न! जी एकच गोष्ट होती तिचे या माणसाने सुरीने दोन तुकडे केले आणि देवापुढे वेगवेगळे ठेवले. आणि आमच्या सुयोगने, अंधेरीच्या एसी ऑफिसात बसणाऱ्या इंजिनिअर मुलाने, सुटकेचा श्वास सोडला. म्हणाला, “झकास! म्हणजे ऑपरेशनला हो आहे ना? मग काय, मशीनशिवाय करूया.”

मी नंदकिशोरकडे बघितलं. तो कँटीनचा दरफलक वाचत होता.

हे सगळं घेऊन ही मंडळी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर स्वरदांनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

“मशीन तयार नसताना मी त्यांना झोपवणार नाही,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर, थोडी रिस्क आम्ही घ्यायला तयार आहोत ना,” सुयोग म्हणाला.

“रिस्क तुम्ही घेत नाही आहात. त्या घेतायत. त्या शुद्धीवर आहेत, सही त्यांची लागते. सगळं माहीत आहे ना त्यांना?”

सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. कारण पहिल्याच दिवशी भावजींनी हात जोडून सांगितलं होतं, तिला काही सांगू नका, घाबरेल. तिला एवढंच माहीत होतं की छोटी दुर्बीण घालून बघणार आहेत. आणि हो, डॉक्टरांवरही माझा राग आहे. ‘घाबरतील’ म्हटल्यावर त्याही दोन दिवस ऐकत राहिल्या की. बाईच्या गळ्यातली गाठ, बाईची मांडी, बाईची मान, आणि माहिती सगळी पुरुषांच्या खिशात.

तिथे माझा तोल गेला. मी एवढ्या मोठ्याने बोलले की काचेपलीकडची नर्स उठून आली. म्हटलं, “वाट लावायची ठरवलीच आहे तर निदान जिची लावताय तिला तरी सांगा! दादूला विचारलंत, गुरवाला विचारलंत, देवाला विचारलंत. ती काय गावाला गेलीय? ती या भिंतीपलीकडे बसलीय!” भावजी म्हणाले, “नीला, हळू.” मी हळू झाले नाही. डॉक्टरांना म्हटलं, “चला, मी येते.”

वहिनी पलंगावर पुढे वाकून, उशीला मिठी मारून बसली होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गाठ, भूल, मशीन, धोके. कौलाचं मी सांगितलं. मागे दारात बाकीचे येऊन उभे राहिले.

वहिनीने सगळं ऐकलं. मग विचारलं, “मशीन नाही... लावलं तर?”

“तर मी हात लावणार नाही.”

“आणि काहीच... नाही केलं?”

“वाट हळूहळू बंद होईल. फार दिवस नाहीत.”

“लावताना... जागी असेन?”

“हो. दुखू देणार नाही. पण जाग्या असाल.”

“बरं. मी... बघणार.”

भावजी पुढे आले. डोळ्यांत पाणी. “अगं, दादूने देवाला विचारलंय.”

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. “मला?” एवढंच म्हणाली. तेवढ्याच दमात बसणारा शब्द होता तो.

तेवढ्यात सुयोगच्या हातातला फोन वाजला, गावाहूनच. त्याने सवयीने स्पीकर लावला. “रत्नप्रभा, अगो आयक माझा...” वहिनीने हात पुढे केला, फोन घेतला. कट केला. श्वास वाया घालवला नाही. मग सही केली.

त्या दुपारी तिला आत नेलं. मांडीत आणि मानेत जाड नळ्या घालताना ती खरंच जागी होती. नंतर तिने मला सांगितलं, “नीला, एका नळीतून काळपट रक्त जात होतं आणि दुसरीतून लाल येत होतं. लाल बघितल्यावर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा वाटलं की घाई नाही.” मग तिला झोपवलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की भूल देताच नळी पूर्ण मिटली. दुर्बीण टेकली आणि रक्त आलं. काही वेळ फुफ्फुसांत हवेचा एक कण गेला नाही. तो सगळा वेळ ती मशीनवर जगली. ज्याला डावा कौल होता त्याच मशीनवर. गाठ निघाली, वाट उघडली, आणि दुसऱ्या दिवशी नळ्याही काढल्या.

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, चुकलं आमचं. कसलं काय. भावजी रडले, सुयोगने पेढे वाटले. नंदकिशोर म्हणाला, “देवाने ऑपरेशनला उजवा दिलाच होता ना!” चित भी मेरी, पट भी मेरी. मी त्या दिवशी घरी स्वयंपाक केला नाही.

वहिनीचे पुढचे उपचार झाले. ती रेडिएशनने थकली, वजन उतरलं, पण आवाज परत यायला लागला, आधी खरखरीत, मग भरीव. आणि मग गावाहून निरोप आला. दादू भावजींची गाय आटली होती, विहिरीचा पंप जळला होता आणि थोरल्या नातवाला कावीळ झाली होती. कारण उघड होतं, सुनेने देवाचा कौल मोडला. आता तिने येऊन नारळ ठेवायचा आणि देवाची माफी मागायची.

जगली म्हणून माफी! मी म्हटलं, वहिनी, पाऊल टाकायचं नाही त्या गावात. ती शांतपणे बॅग भरत होती. म्हणाली, “जाऊया गं. देवळातला गारवा चांगला असतो.”

आम्ही सगळे गेलो. देवळात भावकीची माणसं जमली होती. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. वहिनीला मात्र मूर्तीसमोर उभं केलं, गुन्हेगार म्हणून. गुरवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी हुंकार द्यायचा असतो.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली असत...”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“घराक लागलेली इडापिडा दूर कर...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या सुनेन तुझो कौल मोडल्यान, ती चूक तेका उमगली हा, ती पदरात घे...”

“नाय म्हाराजा!”

एकच आवाज. वहिनीचा. बाकीच्यांचा ‘व्हय’ घशातच राहिला. देवळाच्या लाकडी तुळयांवरची कबुतरं फडफडून बाहेर गेली. गुरवाचा नारळ हातात तसाच. दादू भावजी म्हणाले, “अगो, ह्या काय बोलतंस?”

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून, तिने स्वतःचं गाऱ्हाणं घातलं, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. “बा देवा महाराजा, मी चूक केलेली नाही आणि तू रागावलेला नाहीस हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तुझ्यापुढे माझा जीव अर्धा-अर्धा करून ठेवला तेव्हा तूही गप्प होतास आणि मीही गप्प होते कारण मला श्वास नव्हता, आता मला श्वास आहे म्हणून मागते, या घरातल्या कुठल्याही बाईच्या जिवाचं काही ठरवायची वेळ आली तर आधी तिला विचारायची बुद्धी या उभ्या असलेल्या प्रत्येक पुरुषाला दे रे महाराजा!”

हुंकार द्यायचा होता. कोणी देईना. पुरुष खाली फरशीकडे बघत होते, माझा नवरा तर खांबावरची नक्षी बघत होता. मी खांबामागून पुढे आले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, “व्हय म्हाराजा!” माझ्यामागून श्रुतिका. मग दादू भावजींची स्वतःची बायको, जानकी वहिनी, जी त्या घरात आयुष्यभर कुजबुजत बोलली. मग एकेक करत खांबांमागच्या सगळ्या.

चंद्रप्रकाश भावजींचे ओठ हलले. आवाज आला नाही. वहिनी त्यांच्याकडे वळली आणि तिथेच, देवासमोर, मैदानावर पोरांना सांगायची तशी म्हणाली, “ऐकू आलं नाही. परत.”